हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या इंजिनिअरनं कॉर्व्हेटला पळायला शिकवलं, ते एका कॅमशाफ्टच्या जोरावर

मसल कारवाल्यांचा एक जुना नाद आहे. गाडी हातात आली की इंजिन खोलायचं आणि कंपनीचा कॅमशाफ्ट काढून त्याजागी ‘मोठा कॅम’ टाकायचा. हॉर्सपॉवर वाढते, एक्झॉस्टचा आवाज घुमायला लागतो. पण सिग्नलला उभं राहिलं की तीच गाडी आचके द्यायला लागते.

असं का होतं? हे समजून घ्यायचं असेल, तर हेच गणित सोडवण्यात आयुष्य घालवलेल्या एका माणसाची गोष्ट वाचायला हवी. त्याचं नाव झोरा अर्कस-डंटोव्ह.

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९ चा, बेल्जियममधल्या ब्रुसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. बालपण रशियात गेलं. वडिलांचं आडनाव अर्कस. पुढं आईवडील विभक्त झाले आणि आईनं डंटोव्ह नावाच्या माणसाशी संसार मांडला. झोरा आणि त्याचा भाऊ युरा यांनी दोन्ही आडनावं लावली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं आणि तिथंच १९३४ मध्ये झोरा इंजिनिअर झाला.

पण जर्मनीत तोवर हिटलर आला होता. झोरा फ्रान्सला गेला. १९३९ मध्ये एल्फी नावाच्या नर्तिकेशी त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. दोघं भाऊ फ्रान्सच्या हवाई दलात भरती झाले. फ्रान्स पडल्यावर मात्र ज्यू माणसाला तिथं राहणं म्हणजे मरण होतं. पॅरिसमध्ये अडकलेली एल्फी आपली छोटी एमजी कार घेऊन नाझी फौजांच्या पुढं पुढं पळत दक्षिणेला पोचली. सगळे पोर्तुगालला गेले आणि तिथून बोटीनं न्यूयॉर्क गाठलं.

अमेरिकेत भावांनी कंपनी काढली. अर्कसमधला ‘अर’ आणि डंटोव्हमधला ‘डन’ घेऊन नाव ठेवलं अरडन. त्या काळी फोर्डच्या व्ही-८ इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनच्या बाजूला, खाली ब्लॉकमध्ये असायचे. हवेला वळसा घालून आत जावं लागायचं, त्यामुळं इंजिनाचा श्वास कोंडायचा. अरडननं व्हॉल्व्ह वर नेणारी ॲल्युमिनियमची हेड्स बनवली. इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागलं, ताकद वाढली. धंदा मात्र टिकला नाही.

मग १९५३ उजाडलं. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सनं नवी कॉर्व्हेट मांडली होती. झोरा गाडीच्या प्रेमात पडला. पण बॉनेटखाली होतं १५० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन आणि जोडीला दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिसायला वाघ, पळायला गाय. झोरानं शेवरोलेचे इंजिनिअर एड कोल यांना पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी तो कंपनीत नोकरीला लागला.

१९५५ मध्ये शेवरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन आलं. आता त्यातून जास्त ताकद काढायची होती.

कॅमशाफ्ट नेमकं करतो काय?

कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला एक फिरता दांडा. उंचवटा वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, पुढं सरकला की स्प्रिंग त्याला बंद करते. व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार, हे त्या उंचवट्याच्या आकारानं ठरतं. म्हणजे इंजिनानं श्वास कसा घ्यायचा हे कॅम ठरवतो.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे मारत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि मिटतो. उंचवटा फार उभट असेल तर स्प्रिंगला तो वेग झेपत नाही. व्हॉल्व्ह कॅमची पाठ सोडून तरंगायला लागतो, ताकद पडते आणि नशीब वाईट असेल तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

झोरानं इथंच डोकं लावलं. व्हॉल्व्ह जास्त उंच उचलण्यामागं न लागता त्यानं तो जास्त वेळ उघडा ठेवला. त्यामुळं इंजिन आणखी वरच्या फेऱ्यांपर्यंत दमदारपणे पळायला लागलं. जानेवारी १९५६ मध्ये डेटोना बीचच्या वाळूवर हा कॅम बसवलेली कॉर्व्हेट झोरानं स्वतः चालवली आणि ताशी १५० मैल, म्हणजे जवळपास २४२ किलोमीटरचा वेग गाठला.

हा कॅम ‘डंटोव्ह कॅम’ म्हणूनच ओळखला गेला. १९५७ मध्ये त्याला फ्युएल इंजेक्शनची जोड मिळाली आणि २८३ घनइंचाच्या इंजिनानं २८३ हॉर्सपॉवर दिली. एका घनइंचाला एक हॉर्सपॉवर. त्या काळी ही मोठी गोष्ट होती.

मग अडचण कुठं आहे?

अडचण अशी की कॅम फुकट काही देत नाही. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले, की दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा काळ वाढतो. वेगात हे फायद्याचं. पण इंजिन हळू फिरत असताना जळलेला वायू मागं फिरतो, इंजिन आचके देतं, खालचा टॉर्क पडतो. ब्रेक हलका करणारी व्हॅक्युम कमी होते, धूर वाढतो. म्हणूनच सुरुवातीला शेवरोलेनं हा कॅम रेसिंगसाठीचा पर्याय म्हणून विकला.

आजही हेच दुखणं आहे. जनरल मोटर्सच्या ६.२ लिटर व्ही-८ मध्ये ब्लॉकच्या पोटात एकच कॅमशाफ्ट आहे. संगणक त्याला मागं-पुढं फिरवतो, पण इनटेक आणि एक्झॉस्टचे उंचवटे एकाच दांड्यावर असल्यानं दोन्ही एकत्रच सरकतात. त्यात लांब पुशरॉडचं वजन, म्हणून फेऱ्यांनाही मर्यादा. फोर्डनं मस्टँगच्या ५ लिटर इंजिनात चार कॅमशाफ्ट घातले. तिथं दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलवता येतात, पण इंजिन आकारानं मोठं आणि गुंतागुंतीचं होतं.

झोरा पुढं कॉर्व्हेटचा मुख्य इंजिनिअर झाला. इंजिन ड्रायव्हरच्या मागं बसवलेली कॉर्व्हेट रस्त्यावर आणायचं त्याचं स्वप्न होतं. कंपनीनं ते कधी मंजूर केलं नाही. १९७५ मध्ये तो निवृत्त झाला आणि २१ एप्रिल १९९६ रोजी वारला.

तशी कॉर्व्हेट अखेर २०१९ मध्ये जगासमोर आली. तिच्या ६.२ लिटर इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता आणि ताकद ४९५ हॉर्सपॉवरपर्यंत. मग २०२३ ची झेड०६ आली. इंजिन ५.५ लिटरचं, म्हणजे आधीपेक्षा लहान, पण कॅमशाफ्ट चार. फेरे ८,६०० पर्यंत आणि ताकद ६७० हॉर्सपॉवर.

केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनमध्ये या गाड्या तयार होतात. कारखान्याजवळच कॉर्व्हेटचं संग्रहालय आहे. झोराच्या अस्थी तिथंच ठेवल्या आहेत.