क्रिकेटपटू बाळू पालवणकर : मुलांपुढे ठेवावे असे एक जीवन

आजच्या मुलांचे आदर्श बहुधा खेळाडू असतात. एखाद्या नामवंत क्रिकेटपटूची केशरचना, त्याचा पेहराव, त्याची मैदानावरील ऐट मुले सहज उचलतात. खेळाडूला आदर्श मानण्यात गैर काहीच नाही. मात्र त्याच्याकडून नेमके काय घ्यावे आणि काय पारखून पाहावे, हे मुलांना कोणीतरी समजावून द्यावे लागते. या दृष्टीने भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील थोर गोलंदाज बाळू पालवणकर यांचे जीवन फार मोलाचे आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोकणातील पालवण हे त्यांचे मूळ गाव. त्यावरून पालवणकर हे आडनाव पडले. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्याच्या लष्करी वस्तीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. घरच्या परिस्थितीमुळे शाळा लवकर सुटली. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीची निगा राखण्याचे काम त्यांना दरमहा ३ रुपयांवर मिळाले. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, रेषा आखायच्या, सरावाची जाळी उभारायची आणि साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचा, असा त्यांचा दिनक्रम होता.

या शेवटच्या कामातून डावखुऱ्या फिरकीचा एक असामान्य गोलंदाज घडला. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज बाळूंच्या चेंडूवर तासन्‌तास सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी तो त्यांना आठ आणे देई, असे सांगितले जाते. मात्र बाळूंच्या हाती बॅट कधीच आली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि गोलंदाजीचे कष्ट नोकराने उपसायचे, अशी ती विभागणी होती.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांवर विजय हवा होता आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना संघात घेण्यास काही सवर्ण खेळाडूंचा विरोध होता, तरीही अखेर त्यांना घेतले गेले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. चहाची वेळ झाली की सवर्ण खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळेच असे. साताऱ्याच्या युरोपियन क्लबाविरुद्ध त्यांनी ७ बळी घेऊन सामना जिंकून दिला, तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनी त्यांचा गौरव केला आणि ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला अडचण कसली, असा प्रश्न समाजापुढे ठेवला.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळताना पुन्हा विरोध झाला आणि पुन्हा त्यांच्या गोलंदाजीपुढे तो मावळला. पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी केली. हळूहळू सहकाऱ्यांच्या पंगतीतही त्यांना जागा मिळाली. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी एकूण ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. पुढे गणपत आणि विठ्ठल हे धाकटे भाऊही हिंदू संघाकडून खेळले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. पस्तिशीतल्या बाळूंचा खांदा दुखत होता, तरी दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी आणि लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी ही त्यांची कामगिरी गाजली. दौऱ्यात संघ अनेकदा हरला, पण बाळूंच्या गुणवत्तेविषयी इंग्रजांनाही शंका उरली नाही. पुढे प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी जमा झाले.

असा खेळाडू संघाचा कर्णधार व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण वर्षानुवर्षे ते पद त्यांना नाकारले गेले. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. तरीही निवड करणाऱ्यांचे मन बदलले नाही. १९२० साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि कर्णधारपदाच्या बाबतीतही पालवणकर बंधूंना डावलले गेले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीमुळे होणाऱ्या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघ सोडला. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेल्याने नेतृत्वही त्यांच्याकडे आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते भावांनी एकजुटीने मिळवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तरुणपणी बाळूंच्या कीर्तीचा अभिमान वाटे आणि त्यांच्या सत्कारांत त्यांनी भागही घेतला होता. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाळूंनी स्वतंत्र मतदारसंघांना विरोध केला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

या विरोधामुळे आपल्या घरांत बाळूंचे नाव फारसे घेतले जात नाही. दुसरीकडे, त्यांचे क्रिकेट सांगणारे काही जण १९३७ ची निवडणूक झाकून ठेवतात. मुलांसाठी या दोन्ही गोष्टी हिताच्या नाहीत. बाळूंच्या आयुष्याकडे नीट पाहिले तर बाबासाहेबांचेच म्हणणे अधिक स्पष्ट होते. देशातील अव्वल गोलंदाज असूनही त्यांना कर्णधारपद मिळाले नाही, कारण निवड करण्याचा अधिकार इतरांच्या हाती होता. गुणवत्तेने दार किलकिले झाले, पण ते किती उघडायचे हे आतल्या लोकांनीच ठरवले. आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार आपल्याच हाती असावा, हा बाबासाहेबांचा आग्रह याच अनुभवाला दिलेले उत्तर होते. बाळूंना ते पटले नाही. त्यांच्या चरित्राने मात्र तेच सिद्ध केले.

तथागतांनी कोणाचेही म्हणणे थोर माणसाचे आहे एवढ्यावरून न स्वीकारता अनुभवाच्या कसोटीवर घासून घेण्यास शिकवले. मुलांना खेळाडूकडेही याच दृष्टीने पाहायला शिकवावे. रूळ ओढता ओढता कमावलेले कौशल्य आणि दुखऱ्या खांद्याने पार पाडलेली जबाबदारी बाळूंकडून घ्यावी. एका भावावरील अन्यायासाठी हातची जागा सोडण्याचे धैर्य शिवराम आणि विठ्ठल यांच्याकडून घ्यावे. राजकारणातील बाळूंची वाट आपली नव्हती, हेही मुलांना मोकळेपणाने सांगावे. आपल्या शाळेच्या मैदानावर सायंकाळी चेंडू टाकणाऱ्या मुलामुलींना हे सारे जीवन पूर्णपणे माहीत असावे आणि ते सांगण्याचे काम पालकांनी, शिक्षकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मिळून करावे.