संत फ्रान्सिस झेवियर आणि एक चुकलेला शब्द

गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु परक्या भाषेपुढे हा थोर मिशनरी किती नम्र झाला, हे फारसे सांगितले जात नाही.

झेवियर यांचा जन्म १५०६ सालचा. १५४२ साली ते गोव्यास आले. १५४७ साली मलाक्का येथे त्यांना आंजिरो नावाचा जपानी गृहस्थ भेटला. पुढील वर्षी गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला व तेथील सेंट पॉल कॉलेजात त्याने शिक्षण घेतले. त्याच्यासह झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानातील कागोशिमा येथे उतरले.

वय ४३ वर्षे आणि भाषा सर्वस्वी अनोळखी! आंजिरोने केलेले भाषांतर रोमन अक्षरांत उतरवून ते लोकांपुढे वाचीत. त्यांचे उच्चार ऐकून काही लोक हसत. परंतु खरी चूक उच्चारात नव्हती. परमेश्वरासाठी आंजिरोने ‘दाइनिची’ हा शब्द योजिला होता, आणि ते होते बौद्धांच्या शिंगोन पंथातील आराध्य बुद्धाचे नाव! १५५१ साली यामागुची येथे भिक्षूंशी चर्चा करताना हे झेवियर यांच्या ध्यानी आले. त्यांनी तो शब्द तत्काळ टाकला आणि ‘देउस’ हा लॅटिन शब्दच स्वीकारला. जपानी जिभेवर त्याचे ‘देउसु’ झाले. विरोधकांनी ‘दाइ उसो’, म्हणजे मोठे असत्य, असे त्याचे विडंबन केले. तरीही तो शब्द टिकला.

जपानी भाषेत व्यंजनामागे बहुधा स्वर येतो. म्हणून क्रूसाचा ‘कुरुसु’ झाला. पोर्तुगीज ‘पाद्रे’ तेथे ‘बातेरेन’ झाला, आपल्याकडे ‘पाद्री’. आपला पाव व जपानचा ‘पान’ हेही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे होत.

१५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळ झेवियर प्रभूकडे गेले. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली व भयंकर छळ झाला. तरीही गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी दोनशेहून अधिक वर्षे, पाळकांवाचून, आपल्या प्रार्थना जपल्या. प्रार्थनेस ते ‘ओराशो’ म्हणत. मूळ लॅटिन ‘ओरातिओ’. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांनी आपली ओळख प्रकट केली.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण भिलाईसारख्या बहुभाषी पोलादनगरीत राहतात. शेजाऱ्याच्या भाषेत प्रभूविषयी बोलताना उच्चाराला कोणी हसले, तर थांबू नका. मात्र शब्दाचे मूळ विचारून घ्या, आणि तो चुकीचा ठरल्यास सोडून देण्यास लाजू नका.