व्हॉयेजरवर गेलेला आवाज: केसरबाई केरकर आणि घरातली ऑडिओ केबल

आपण मोबाइलवर लाल बटण दाबतो आणि तासभर आवाज साठवतो. आज गोष्ट बघूया अशा गायिकेची, जिला रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. आणि तशी जुनी रेकॉर्ड किंवा कॅसेट तुमच्या घरी निघाली तर ती कॉम्प्युटरवर कशी घ्यायची, तेही पाहू.

केसरबाई केरकर यांचा जन्म 13 जुलै 1892 चा, गोव्यातल्या केरी गावातला. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला आल्या. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, मग गोव्यात परतून रामकृष्णबुवा वझ्यांकडे. सोळाव्या वर्षी मुंबई गाठली. इथेही एक गुरू असा टिकेना. बरकतुल्ला खाँ झाले, भास्करबुवा बखले झाले. शेवटी 1921 साली त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. वय तिशीला टेकलेलं, आणि समोर जयपूर-अत्रौली घराण्याची कडक तालीम! या वयात पुन्हा विद्यार्थी होऊन बसायला हिंमत लागते.

ती तालीम फळली. 1948 मध्ये कोलकात्यात त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली, 1969 मध्ये पद्मभूषण. साठच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत बाई फार चोखंदळ होत्या. मला विचाराल तर त्यांचं काही चुकत नव्हतं. 78 च्या गतीने फिरणारी दहा इंची तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपते. मैफलीत एक ख्याल अर्धा-पाऊण तास रंगायचा. तो तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे आलाप कापा, ताना आटोपत्या घ्या. त्यामुळे आज त्यांच्या गाण्याचा फार थोडा भाग आपल्याकडे उरलाय, आणि त्यातलाही बराचसा या तबकड्यांवर.

यातलीच एक भैरवी अंतराळात गेली. 1977 मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवायची होती. त्यावरच्या 27 रचनांमध्ये भारताची एकच, केसरबाईंची. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली, पण रेकॉर्ड मिळता मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबरला. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला, अकरा दिवसांनी. आज ते यान 2,400 कोटी किलोमीटरपेक्षा लांब आहे. गंमत म्हणजे तबकडीसोबत नासाने सुई आणि ती कशी लावायची याची चित्रंही पाठवलीत. केबल मात्र परग्रहवासीयांनी स्वतःची आणायची!

आता आपल्या घरची केबल. समजा कुर्ल्यात आजोबांच्या माळ्यावर कॅसेट प्लेअर सापडला. त्याच्या लाइन आउट किंवा हेडफोनच्या भोकातून 3.5 मिमीची स्टिरिओ केबल काढा आणि कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घाला. ते लाइन इन. शेजारचं गुलाबी भोक माइकचं, तिथे लावू नका. माइकचा सिग्नल अगदी कमजोर असतो म्हणून ते भोक आवाज खूप वाढवतं. प्लेअरचा तगडा सिग्नल तिथे गेला की आवाज फाटतो. लॅपटॉपला बहुतेक वेळा निळं भोक नसतंच. मग लाइन इन असलेलं यूएसबी ऑडिओ कार्ड घ्या. मोबाइलच्या भोकात साधी केबल घालून तर काहीच रेकॉर्ड होणार नाही. तीन कड्यांच्या त्या पिनमध्ये माइकची चौथी जोडणीच नसते.

रेकॉर्ड प्लेअरचं गणित वेगळं. सुईचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, म्हणून प्लेअर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये फोनो प्रीअँप लागतो. लाल-पांढऱ्या पिनांची केबल प्लेअरमधून प्रीअँपला, तिथून लाइन इनला. काही नव्या प्लेअरमध्ये तो आतच असतो, मग वेगळा नको. आणि 78 च्या तबकडीची खाच रुंद असते, तिची सुईही वेगळी. एलपीची बारीक सुई तिच्यावर टेकवलीत तर खरखरच जास्त ऐकू येईल.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, लाइन इन निवडा, आवाजाचं टोक उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा आणि डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून ठेवा. एमपी3 नंतर बनवता येते, पण एमपी3 मधून गेलेला आवाज परत येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये सतत घूं असा आवाज आला तर तो बहुधा विजेच्या तारांचा, 50 हर्ट्झचा. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातो. आणि लोकलच्या धडधडीची काळजी नको, आवाज केबलमधून येतोय, खिडकीतून नाही. फक्त रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो हलत्या टेबलावर ठेवू नका, सुईला टेबलाचे हादरे कळतात.