वेगासाठी गाडीच्या नाकावर ब्लोअर बसवणारा टिम बर्किन

इंजिनाची ताकद वाढवायचे दोन सरळ मार्ग आहेत. एकतर इंजिन मोठं करायचं, नाहीतर आहे त्याच इंजिनात जास्त हवा कोंबायची. बेंटली कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली पहिल्या मार्गाचे. त्यांचाच रेसर टिम बर्किन दुसऱ्या मार्गाचा. दोघांचं कधीच पटलं नाही.

बर्किनचा जन्म १८९६ साली नॉटिंगहॅमच्या श्रीमंत घराण्यात झाला. पहिल्या महायुद्धात तो वैमानिक होता. पॅलेस्टाईनच्या आघाडीवर त्याला मलेरिया झाला आणि तो आयुष्यभर पाठीशी राहिला.

१९२९ साली त्याने वूल्फ बार्नाटोसोबत २४ तासांची ल मां शर्यत जिंकली. ती गाडी साध्या, मोठ्या इंजिनाची होती. तरी त्याच्या डोक्यात सुपरचार्जरच होता. डोरोथी पॅजेट या श्रीमंत तरुणीने पैसा दिला, अॅम्हर्स्ट व्हिलियर्सने सुपरचार्जर बनवला आणि 'ब्लोअर बेंटली' उभी राहिली.

आता हा सुपरचार्जर फिरवायचा कसा? बर्किनच्या गाडीत तो रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला जोडला होता. पट्टा नाही, म्हणजे घसरण्याचा प्रश्न नाही. सुमारे ११० हॉर्सपॉवरचं साडेचार लिटर इंजिन शर्यतीसाठी २४० पर्यंत गेलं. पण इंजिन फिरतंय तोवर ब्लोअरही फिरणार. गरज नसतानाही तो इंजिनाची ताकद खाणार, आणि गाडी पेट्रोल पिणार ते वेगळंच.

मर्सिडीजच्या एसएसके गाडीत वेगळी सोय होती. तिथे सुपरचार्जर क्लचने जोडलेला असे. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच तो फिरायचा, एरवी त्याला विश्रांती.

१९३० च्या ल मां शर्यतीत या दोन पद्धती समोरासमोर आल्या. बर्किनने सरळ रस्त्यावर, चाकं गवतात घालून काराचिओलाच्या मर्सिडीजला मागे टाकलं. टायर फाटत होता, तरी तो थांबला नाही. पण २४ तास पुरे होईपर्यंत मर्सिडीज बाद झाली होती आणि ब्लोअर बेंटलीही. शर्यत जिंकली ती सुपरचार्जर नसलेल्या 'स्पीड सिक्स' बेंटलीने. डब्ल्यू. ओ. यांचंच खरं ठरलं.

बर्किनने हार मानली नाही. त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये हलक्या बुगाटींच्या गर्दीत त्याने आपली अवजड ब्लोअर दुसरी आणली. १९३१ मध्ये अल्फा रोमिओ चालवून त्याने पुन्हा ल मां जिंकली. ती गाडी मात्र सुपरचार्जरचीच होती! १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्याने एकसीटी ब्लोअर ताशी २२२ किलोमीटरने पळवून फेरीचा विक्रम केला.

मे १९३३ मध्ये त्रिपोली ग्रां प्रीच्या वेळी गरम एक्झॉस्ट पाईपला लागून त्याचा हात भाजला. जून महिन्यात लंडनमध्ये त्याचं निधन झालं. कुणी जखमेतल्या विषबाधेला दोष देतं, कुणी जुन्या मलेरियाला. वय होतं अवघं ३६.

ब्लोअर बेंटलीने ल मां कधीच जिंकली नाही. तरी आज बेंटली म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर नाकावर ब्लोअर मिरवणारी तीच हिरवी गाडी येते.