गॉटलिब हाबरलांट : वनस्पतीची सुटी पेशी वाढवू पाहणारे शास्त्रज्ञ

आपण लावतो ती टिश्यू कल्चर केळीची रोपे प्रयोगशाळेतील बाटलीत वाढतात, हे आपल्याला ठाऊक आहे. काही औषधी वनस्पतींच्या नुसत्या पेशीही आता अशाच वाढवतात आणि त्यांतून औषधी घटक काढतात. ही कल्पना प्रथम मांडणाऱ्या गॉटलिब हाबरलांट यांचा स्वतःचा प्रयोग मात्र फसला होता.

त्यांचा जन्म १८५४ मध्ये हंगेरीत झाला. वडील फ्रिडरिश हे शेतीचे प्राध्यापक. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मिळालेल्या सोयाबीन बियाण्याच्या चाचण्या त्यांनी मध्य युरोपात घेतल्या. आपल्याकडच्या सोयाबीन उत्पादकांनी हे नाव लक्षात ठेवावे. मुलगा वनस्पतिशास्त्राकडे वळला आणि ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्राध्यापक झाला. ऊस, मका यांसारख्या पिकांच्या पानांत शिरांभोवती दिसणाऱ्या पेशींच्या कड्याचे वर्णन त्यांनीच केले.

१९०२ मध्ये त्यांनी पानांच्या पेशी सुट्या करून क्षार व साखरेच्या द्रावणात ठेवल्या. आपल्या नदी-तलावांत माजते ती जलपर्णीही त्यांच्या प्रयोगात होती. काही पेशी सुमारे महिनाभर जगल्या, फुगल्या, त्यांत स्टार्च साठला. पण एकही पेशी विभागली नाही. पेशीला अन्न होते, विभागण्याचा संदेश नव्हता. त्या वेळी संजीवकांचा शोधच लागलेला नव्हता.

पुढे १९१० पासून बर्लिनमध्ये असताना त्यांनी साध्या बटाट्याकडे लक्ष वळवले. बेणे कापले की एक-दोन दिवसांत कापावर खपली धरू लागते, हे आपण दरवर्षी पाहतो. त्या खपलीखाली पेशी नव्याने विभागतात. बटाट्याच्या बारीक तुकड्यात अन्नवाहिनीचा अंश असेल तरच पेशी विभागतात, हे त्यांना १९१३ मध्ये दिसले. मग त्यांनी नवलकोल घेतला. कापलेला भाग पाण्याने धुतला की विभागणी मंदावते आणि चिरडलेल्या पेशींचा रस लावला की पुन्हा सुरू होते. जखमेतून पाझरणारे काही द्रव्य पेशींना विभागायला लावते, हा निष्कर्ष त्यांनी १९२१ मध्ये मांडला. माझ्या मते त्यांचे हे काम १९०२ च्या प्रयोगाहून मोलाचे आहे.

१९४५ मध्ये ते बर्लिनमध्ये वारले. तोवर ऑक्झिनची ओळख पटली होती, आणि १९३९ मध्ये वनस्पतींच्या ऊती बाटलीत सतत वाढवण्यात यशही आले होते. पेशी विभागणारे कायनेटिन १९५५ मध्ये सापडले. दोन वर्षांनी स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूवर दाखवले की ऑक्झिन जास्त असेल तर मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब.

आता औषधी घटकाकडे येऊ. जपानमधील लिथोस्पर्मम या वनस्पतीच्या मुळात शिकोनिन नावाचा लाल, औषधी घटक असतो. क्योटो येथील ताबाता यांच्या गटाने तिच्या पेशी वाढवल्या. आपल्याला तणनाशक म्हणून माहीत असलेले २,४-डी हे ऑक्झिनच आहे. ते माध्यमात घातले की शिकोनिन बनणे थांबते. त्याऐवजी आयएए वापरले तर ते बनते. म्हणजे कोणतेही ऑक्झिन चालेल, असे नाही. पुढे हे उत्पादन कारखान्यात गेले, तेव्हा दोन टप्पे ठेवले गेले : आधी पेशींची संख्या वाढवणारे माध्यम, नंतर शिकोनिन बनवून घेणारे. टॅक्सस झाडाच्या पेशींत कर्करोगावरील टॅक्सॉल वाढवण्यासाठी मिथाइल जस्मोनेट देतात.

म्हणून अश्वगंधा किंवा सफेद मुसळीत औषधी घटक वाढेल असे सांगून कोणी संजीवक विकत असेल, तर ते आकडे बाटलीतल्या पेशींचे आहेत की शेतातल्या पिकाचे, हे आधी विचारा. बाटलीत पेशी थेट द्रावणात असते. शेतात पान, मूळ, जमीन आणि हवामान मध्ये येतात. लेबलवर आपल्या पिकाचे नाव आणि मात्रा नसेल तर फवारणी करू नका; करून पाहायचेच असेल तर कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने दोन-चार ओळींवर करा आणि मुळांचा नमुना तपासून घ्या.