गाडीची कुरकुर ऐकणारे रॉइस

रोल्स-रॉइस म्हटले की आपल्याला राजेमहाराजांच्या गाड्या आठवतात. या नावातले हेन्री रॉइस मात्र गरिबीतून वर आलेले होते. त्यांचा जन्म १८६३ मध्ये इंग्लंडमधील अल्वॉल्टन गावी झाला. नवव्या वर्षी वडील वारले. वर्तमानपत्रे विकून आणि तारा पोहोचवून त्यांनी दिवस काढले. पुढे रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण पैसे संपल्यावर तीही अर्ध्यावर सुटली. १८८४ मध्ये त्यांनी मँचेस्टरला विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला.

पुढे त्यांनी देकोव्हिल ही जुनी फ्रेंच मोटार घेतली. ती तापायची, थरथरायची, आवाज करायची. इग्निशनचाही भरवसा नव्हता. रॉइस यांनी एकेक दोष शोधला आणि शेवटी स्वतःचीच मोटार बनवली. १ एप्रिल १९०४ रोजी ती रस्त्यावर आली. त्याच वर्षी चार्ल्स रोल्स त्यांना भेटले.

१९०७ मध्ये त्यांची सिल्व्हर घोस्ट सुमारे २४ हजार किलोमीटर चालवून पाहिली गेली. हादऱ्याने पेट्रोलची तोटी बंद झाल्यामुळे ती एकदा थांबली, तेवढेच. चाचणीनंतर गाडी खोलून झिजलेले भाग बदलण्यात आले. १९१२ मध्ये तीन गिअरची गाडी ऑस्ट्रियातील काट्शबर्ग घाटात अडली, तेव्हा पुढच्या वर्षी चार गिअर देण्यात आले. दोष सापडला की तो दूर करायचा, ही त्यांची रीत होती.

स्वतःच्या शरीराला मात्र त्यांनी ही रीत लावली नाही. जेवण विसरायचे, रात्र-रात्र काम करायचे. १९११ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. पुढच्या वर्षी आतड्याची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पोटावर मलमार्ग काढावा लागला. त्यांच्या जगण्याची फारशी आशा उरली नव्हती. तरीही परिचारिकेच्या देखरेखीखाली ते २२ एप्रिल १९३३ पर्यंत जगले. फ्रान्समधील ल कानादेल आणि इंग्लंडमधील वेस्ट विटरिंग येथील घरांतून ते डर्बीच्या कारखान्यासाठी आराखडे करत राहिले. पहिल्या महायुद्धातले ईगल हे विमानाचे इंजिन याच काळातले.

उपाशी राहिल्याने त्यांना हा आजार झाला, असे म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी सांगता येतात. पोटावर पिशवी लागली म्हणजे आयुष्य संपले, असे नाही. या भीतीने शस्त्रक्रिया टाळणारे रुग्ण आम्ही सरकारी रुग्णालयात नेहमी पाहतो. दुसरे, शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन घटणे ही शरीराची कुरकुर आहे. मूळव्याध असेल असे परस्पर ठरवू नका; डॉक्टरांकडून तपासून घ्या. गाडी घाटात बंद पडेपर्यंत आपण थांबत नाही, मग शरीराच्या बाबतीत तरी का थांबावे?