बॅरी आणि ‘अर्केडिया’चे रहस्य

‘पीटर पॅन’चे जनक सर जेम्स बॅरी (१८६०-१९३७) पाइपचे निस्सीम भक्त होते. स्कॉटलंडमधील किरीम्यूर येथील विणकराचे हे पुत्र लेखणीच्या बळावर जगण्यासाठी १८८५ मध्ये लंडनला आले.

१८९० मध्ये त्यांचे ‘माय लेडी निकोटिन’ प्रसिद्ध झाले. त्यातील मित्रमंडळी ‘अर्केडिया’ या मिश्रणापुढे अन्य सारी तंबाखू तुच्छ लेखते. हे मिश्रण नेमके कोणते, याविषयी पाइपप्रेमींमध्ये कुतूहल जागे झाले. अखेर १८९७ मध्ये बॅरींनी पत्राद्वारे खुलासा केला : वॉर्डर स्ट्रीटवरील कॅरेरास यांचे ‘क्रेव्हन मिक्श्चर’ हेच ते अर्केडिया! व्यापाऱ्याला आयती जाहिरात लाभली.

पुस्तकाचा नायक विवाहासाठी पाइपचा त्याग करतो. बॅरींना मात्र ते साधले नाही. १८९४ मध्ये न्यूमोनियाने ते मरणाच्या दारी पोहोचले. सावरल्यावर अभिनेत्री मेरी अ‍ॅन्सेल यांच्याशी विवाहबद्ध झाले, तरी पाइप सुटला नाही. खोकल्यानेही त्यांची पाठ सोडली नाही.

१९२९ मध्ये ‘पीटर पॅन’चे हक्क त्यांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयाला दिले. १९ जून १९३७ रोजी न्यूमोनियानेच त्यांचे निधन झाले.